सोनवणेबाईंची प्रिलिम

सोनवणेबाई दहावीच्या प्रिलिमचे गणिताचे पेपर तपासायला बसल्या की शिपाईमामासुद्धा चहा ठेवून मुकाट्याने बाहेर पडत. एकक लिहिलं नाही, अर्धा मार्क गेला. पायरी गाळली, एक गेला. उत्तर तर बरोबर आहे म्हणून कुणी कुरकुरलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "बोर्डात तपासणारा तुझा मामा लागतो का, लेकरा?" लातूर सोडून तळवड्यात येऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली होती, बोली मात्र त्यांनी तिकडचीच ठेवली होती.

शाळेतल्या पोराटोरांना एक हिशोब पाठ होता: बाईंच्या प्रिलिमला जो काठावर, तो बोर्डात आरामात पास. थोरल्या भावंडांकडून तो हिशोब धाकट्यांपर्यंत आणि आईबापांपर्यंत पोचायचा. मी पडले घरात थोरली, आणि आम्ही बीडकडून नुकतेच आलेलो; आमच्या घरी तो पोचलाच नव्हता. बाबांनी माझा पेपर पाहिला. लाल शाईत नापास. ते रागावले नाहीत, हेच वाईट. म्हणाले, "परीक्षेला बसून गावभर शोभा कशाला? जवळच पॅकिंगला पोरी लागत्यात, म्या बोललोय." मी बाईंच्या जादा तासाला जाणं बंद केलं.

त्याच आठवड्यात बाई आमच्या खोलीच्या दारात हजर. चपला काढल्या, पाणी प्यायल्या आणि मला सोडून बाबांनाच विचारू लागल्या.

"कंपनीत काय करता तुम्ही?"

"चाकणला हाय. पार्ट तपासायला."

"कडक तपासता?"

"कडकच. आमच्याकडून सुटला आन् गिऱ्हाइकानं परत पाठवला, तर लई बोलणी बसत्यात."

"मग नापास झालेला पार्ट लगेच भंगारात टाकता?"

"न्हाई बाई. रिवर्कला जातो. घासूनपुसून नीट करत्यात."

"मग पोरीला कशाला भंगारात टाकायलात?"

मग बाईंचाच आवाज उतरला. "मी कडक तपासते, लेकरांनी घाबरून अभ्यास करावा म्हणून. ती भीती तुमच्या घरात येऊन बसंल, हे ध्यानातच आलं नाही. चुकलं माझं." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, कारण तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "प्रमेयं पाठ झाली का?"

पुढे माझ्या धाकट्या भावाच्या वेळी, पेपर वाटण्याआधी त्यांनी सगळ्या पालकांना बोलावून सांगितलं, "हे मार्क माझे आहेत, बोर्डाचे नाहीत. घरी नेऊन लेकरांना मारू नका." तपासणी मात्र तेवढीच कडक.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. फार जवळचं माणूस गेलं. तेव्हापासून माझ्या निकालाची संध्याकाळ सारखी आठवते. गणितात मी पास झाले होते. डोळे दिपावेत असं काही नव्हतं, पण पास. बाबा पेढे घेऊन मला बाईंच्या घरी घेऊन गेले. म्हणाले, "आता पुढं हिचं काय करायचं, तुमीच सांगा."

"मला काय विचारता?" बाई म्हणाल्या. "ती बसलीय की समोर."

बाबा माझ्याकडे वळले. त्यांनी मला असं कधी विचारलंच नव्हतं. "काय करायचंय तुला?"

मला काही सुचेना. माझ्या वतीने बाबाच बोलायला लागणार, तोच बाईंनी हात वर केला. "थांबा की जरा. करू द्या तिला विचार."

आणि बाबा थांबले.