वहिनीची बंगई

आमच्या पडवीतल्या बंगईचं लोक फार कौतुक करतात. पुण्याकडचा पाहुणा असला की आधी सांगावं लागतं, तुमचा झोपाळा तो आमच्याकडे बंगई. मग तो बसतो, झोका घेतो आणि म्हणतो, "काय लाकूड आहे हो!" मी हसतो आणि चहा सांगतो. ती माझ्याकडे कशी आली, हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही.

वडील गेल्यावर वाटण्या झाल्या. केनवडचं घर सामानासकट मोठ्या भावाकडे गेलं आणि मला वाशीमचा प्लॉट मिळाला. मीच मागितला होता. बंगई अर्थातच घराबरोबर भावाची झाली. तेव्हा तिची फळी चिरलेली होती, साखळ्या काळ्याठिक्कर पडल्या होत्या आणि लाकडावर ऑइलपेंटचे तीन थर बसले होते. वहिनी त्या घरात तीस वर्षं नांदली, पण बंगईवर कधी बसली नाही. ती सासऱ्यांची जागा. सुनेनं रोज ओल्या फडक्यानं पुसायची, एवढंच.

माझ्या घराचं बांधकाम चालू होतं, सुतार कामावर होता. मी म्हणालो, "वहिनी, द्या इकडे. दुरुस्त करून आणतो."

"न्या बाप्पा," ती म्हणाली. "चांगली झाली का मंग मी बी बसन एकडाव." आणि तोंडाला पदर लावून हसली.

सुतारानं चीर बुजवली. बाकीचं मी स्वतः केलं. शाळा सुटली की पॉलिश पेपर घेऊन बसायचो. आधी हिरवा रंग निघाला, मग निळा, मग कसलासा तांबूस, आणि शेवटी सागवान वर आलं. बोटांची सालटी निघाली, पण असा आनंद मला वीस वर्षं गणित शिकवून कधी झाला नव्हता. साखळ्या चिंचेनं घासल्या. प्रत्येक साखळीत मधोमध एक पितळी मोर होता, चौथीतला मात्र कधीचाच हरवलेला. तिथं मी साधी कडी बसवली. घासता घासता बंगई माझी कधी झाली, मला कळलंच नाही. असं म्हणणं सोयीचं आहे. खरं तर मला चांगलं कळत होतं. पडवीत हूक मी बसवून घेतले ते काही कपडे वाळत घालायला नव्हेत.

वास्तुशांतीला वहिनी आली तेव्हा बंगई सुताराच्या शेडमध्ये होती. पुढची दोन वर्षं ती फोनवर विचारायची आणि मी थापा मारायचो. "वहिनी, पॉलिशच वाळून नाही राह्यलं." "मिस्त्री गावाले गेला." "पावसात लाकूड फुगते, दिवाळीनंतर आणतो." ती दर वेळी म्हणायची, "काही घाई नाही भाऊजी."

एका रविवारी शाळेतले तिघे सहकारी घरी आले होते. मी बंगईवर मांडी घालून बसलो होतो आणि शुद्ध भाषेत सांगत होतो, की ही गावाकडे सडत पडली होती, आमच्या लोकांना अशा वस्तूंची किंमतच नसते. बोलता बोलता फाटकाकडे लक्ष गेलं. वहिनी उभी होती. हातात पिशवी होती, कपाळावर एस.टी.च्या प्रवासाचा घाम होता. ती किती वेळ उभी होती, मला माहीत नाही.

मी उठलो. "या वहिनी," म्हणालो. झोका थांबवायचंही सुचलं नाही.

सहकाऱ्यांपैकी एक फार बोलका. तो म्हणाला, "वहिनी, बघा सरांनी कशी वाचवली बंगई! तुम्ही लोकांनी टाकून दिली होती म्हणे."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. तिनं तेव्हा काहीही म्हटलं असतं तरी मला ते ऐकून घ्यावं लागलं असतं.

"टाकून नाही देल्ली जी," ती त्याला म्हणाली. "म्याच देल्ली भाऊजीले, नव्या घरासाठी. आमच्या इथं आता कुठी टांगता?"

आणि मी मान हलवली. वर म्हणालो, "हो ना, वहिनींनीच दिली." लाज म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला पितळी मोर काढून तिनं माझ्या हातात दिला. "कोठीमांगं सापडला. तुमचं काम याच्यापायीच अडून राह्यलं असन म्हणून आणला." चहा पिऊन ती दुपारच्या गाडीनं परत गेली.

पुढच्या रविवारी मी बंगई उतरवली, टेम्पोत घातली आणि केनवडला गेलो. भाऊ शेतात होता. वहिनी बाहेर आली. मी खाली मान घालून म्हणालो, "वहिनी, चुकलं माझं. तुमची बंगई आणली."

"चार लोकाईसमोर सांगतलं म्या, म्याच देल्ली म्हणून," ती म्हणाली. "आता मले खोटं पाडता का भाऊजी? न्या वापस."

मी एकदाच म्हणालो, "असं नका करू." दुसऱ्यांदा म्हणालो नाही. फळीवर रस्त्याची धूळ बसली होती, ती तिनं पदरानं पुसून काढली. बसली नाही. मी बसा म्हणालो नाही. टेम्पोवाल्यानं गाडी वळवली. गाव मागं पडलं तेव्हा मला हायसं वाटलं.