तुकडेकाकांचे पाच सेकंद

तुकडेकाकांना कारखान्यातून काढलं, ही बातमी आमच्या जिन्यात सोमवारी संध्याकाळी आली. मंगळवार उजाडेपर्यंत तिला कारणही चिकटलं: काका पितात, हात थरथरतो, महागडं यंत्र फोडलं म्हणे. बुधवारी तर एकाला त्यांना झिंगलेलं पाहिल्याचंही आठवलं! आता खरं सांगायचं, तर काका चहापलीकडे कशालाही शिवत नाहीत. आणि फोडण्याचं म्हणाल, तर फोडण्याचाच त्यांना पगार मिळायचा. त्यांना कुणी काढलं नव्हतं. आपली उचलबांगडी त्यांनी स्वतःच करून घेतली होती.

काका बावीस वर्षं पोलादाचे तपासनीस. आलेल्या मालातून बोटाएवढे तुकडे कापायचे, मधोमध खाच पाडायची आणि झोक्यासारखा खाली येणारा जड हातोडा सोडून ते मोडायचे. मोडण्याआधी तुकड्याने किती मार पचवला, ते काटा दाखवतो. काका समजावून सांगायचे, की पोलाद हळूहळू ओढलं तर ते कुरकुरतं, ताणलं जातं, तुटायच्या आधी चार वेळा कळवतं. पण कडाक्याच्या थंडीत एकदम तडाखा बसला, की ताणलं जायला त्याला सवडच मिळत नाही. खाड्कन जातं, काचेसारखं. म्हणून थंड बंदरांवरच्या क्रेनच्या हुकांसाठी जो माल असतो, त्याचा तुकडा आधी उणे चाळीस अंशांच्या द्रावणात बुडवून ठेवायचा. मग चिमट्याने उचलायचा, जागेवर बसवायचा, हातोडा सोडायचा. सगळं पाच सेकंदांत. त्याहून उशीर झाला, की तुकडा ऊब धरतो आणि आहे त्यापेक्षा चिवट असल्याचा आव आणतो.

या पाच सेकंदांचा काकांना कोण अभिमान! घरी काकूंनी पाणी आणायला वेळ लावला, तरी हे घड्याळ बघणार. काकू म्हणायच्या, "हातोड्यालाच सांगा ना मग, तोच आणेल."

तर झालं असं, की गेल्या महिन्यात हुकांचा एक माल काकांच्या पाळीत पास झाला आणि दुसऱ्या पाळीत नापास. काट्यावर निदान सत्तावीस हवेत. काकांकडे एकतीस, दुसऱ्या पाळीच्या बाईंकडे चोवीस. परत केलं, परत तेच. बाईंची नोकरी सहा वर्षांची, काकांची बावीस. चूक कुणाची, हे सगळ्यांनी चहा संपायच्या आत ठरवून टाकलं. काकांनीही चारचौघांत बाईंना ऐकवलं, "बाई, तुकडा नीट बसवायला शिका. वाकडा ठेवून पोलादाला नावं ठेवू नका."

बाई एवढंच म्हणाल्या, "काका, मी वाकडा ठेवत नाही."

साहेबांनी शुक्रवारी निकाल दिला. सोमवारपासून बाई पॅकिंगमध्ये, माल रवाना. फक्त काकांनी "माझेच आकडे बरोबर" असं लिहून सही द्यायची. काका म्हणाले, सोमवारी देतो.

सोमवारची सकाळ. काकूंनी नेहमीप्रमाणे काकांच्या शर्टाची बटणं लावायला घेतली. वर्षभर हा सोहळा उघड्या दारात चालायचा आणि या वयातलं प्रेम म्हणून अख्ख्या जिन्याने त्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं होतं. काकांचाही समज तोच. त्या दिवशी ते लाडात येऊन म्हणाले, "फार जीव लावतेस हो."

गॅसवर दूध. काकू वैतागल्या. "जीव कसला लावते! तुम्हाला एकेका बटणाला अर्धं मिनिट लागतं. बोटं वळतात कुठे तुमची? रोज बस चुकली असती."

काका हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं, तो मिटून पाहिला. अर्ध्यावर अडला. हिवाळ्यात सगळ्यांचंच होतं, अशी त्यांनी वर्षभर स्वतःची समजूत घातली होती.

कारखान्यात ते थेट बाईंपाशी गेले. त्या आपला कप आणि रुमाल पिशवीत भरत होत्या. काका म्हणाले, "बाई, ते घड्याळ घ्या आणि माझ्यावर लावा."

"आता कशाला, काका?"

"लावा म्हणतो ना."

काकांनी तुकडा उचलला. चिमटा जरा घसरला, त्यांनी पुन्हा सावरला, बसवला, हातोडा सोडला.

"किती?"

बाई घड्याळाकडेच बघत राहिल्या. "नऊ."

दुसऱ्यांदा दहा. मग काकांनी घड्याळ घेतलं आणि बाईंनी तुकडा मोडला. चार. काटा तेविसावर. काकांनी तुकड्याचं मोडलेलं तोंड खिडकीपाशी नेऊन पाहिलं. साखरेसारखं चमकत होतं. चिवट पोलाद असं चमकत नाही, मळकट, तंतुमय मोडतं. हे त्यांनी शंभर जणांना शिकवलं होतं.

"चिमटा जुना झालाय, काका," बाई हळूच म्हणाल्या. "तो बदलून बघू या का?"

"चिमट्यावर नका ढकलू. चिमटा चांगलाय."

दुपारपर्यंत काकांनी कागद लिहिला: वर्षभराचे माझे थंड चाचणीचे सगळे निकाल पुन्हा तपासावेत, हुकांचा माल अडवावा, आणि हातोडा बाईंकडे द्यावा. कागद वाचून साहेबांनी डोक्याला हात लावला. गोदामातल्या पेट्या उघडायच्या, गेलेला माल परत मागवायचा, गिऱ्हाइकाच्या शिव्या खायच्या. पण कागदाखाली बावीस वर्षांची सही होती, तिला नाही कसं म्हणणार? बाईंची बदली रद्द झाली. काकांना तुकड्यांवर नंबर ठोकायच्या टेबलावर बसवलं. तिथे घड्याळ लागत नाही.

हुकमावर सही करताना साहेब चिडून म्हणाले, "निवृत्तीला आठ महिने राहिले होते, काका. गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

काका म्हणाले, "काही नाही, साहेब. हूक तुटेपर्यंत काहीच बिघडत नाही."