गाईच्या घंटेला लावलेली पेटी

गंगाधरकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी भीमपूरच्या शाळेत हजेरी घेत होते. फोनवर त्यांचा मुलगा संजय होता. "बाबा गेले, ताई. सकाळी पेटीजवळ बसले होते, तिथंच..." राहिलेली नावं मी वाचली खरी, पण त्या दिवशी कोण हजर होतं ते आता सांगता येणार नाही. त्याला सहा आठवडे झाले.

आदिलाबादच्या कापूस बाजारामागे काकांचं बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचं दुकान होतं आणि वरच्या खोलीत 'जोडकाम'. गाणारे, वाजवणारे, चित्रं काढणारे, नाटकवाले अशा कलावंतांनी स्वतःच चालवलेली ही संस्था. संगीताने दुसऱ्या एखाद्या कलेबरोबर बसून काही नवं करावं, एवढाच तिचा उद्देश. तिथे ढोलकीच्या ठेक्यावर भिंती रंगल्या, भजनी मंडळाने बाहुल्यांच्या खेळाला आवाज दिला. मी कॉलेजात असताना तिथे पत्रं लिहायला जाऊ लागले. आमच्या घरात पहिली पदवी माझी, आणि तिचा बराचसा अभ्यास काकांनी दिलेल्या खिडकीजवळच्या टेबलावर झाला. त्यांची अट एकच होती. "इथं नुसतं लिवणारं कोणी नाई राहात, पोरी. काही तरी वाजवा लागन." मला काहीच येत नाही म्हटल्यावर म्हणाले, "मंग भाता हालव." तेव्हापासून ते दोन्ही हातांनी वाजवायला बसले की भाता माझ्याकडे असे.

एकदा ठरलं की पेटी आणि पितळी घंटा यांचं जोडकाम करायचं. जंगलाकडच्या गावातले सोमाजी ओतारी गाईंच्या गळ्यातल्या घंटा ओतत. त्यांना पत्र मीच लिहिलं, आणि आपल्याला समजतं अशा थाटात लिहिलं की घंटा सारेगमप अशा सुरांत हव्यात. सोमाजी पाच घंटा घेऊन आले. एकही पेटीशी जुळेना. मी दुकानातून कानस आणली आणि विचारलं, "थोडं घासून घेऊ का?"

सोमाजी घंटा पोत्यात भरू लागले. पोत्याचं तोंड बांधताना म्हणाले, "जंगलात ढोर हरवलं तं मालक आवाजावरून वळखते. तुमी घासली तं कोनाची गाय, कोनालेच समजनार नाई."

मला मान वर करवेना. काकांनी माझ्या हातातली कानस काढून घेतली. "बस बा सोमाजी, चहा घे. घंटा शिकून आल्या हायेत. शिकाचं राह्यलं ते पेटीचं."

आणि त्यांनी स्वतःची, वडिलांच्या हातची पेटी उघडली. तीन दिवस ते सूर देणाऱ्या आतल्या पितळी पात्या केसभर खरवडत होते; सोमाजी समोर बसून घंटा वाजवत होते. चौथ्या दिवशी कार्यक्रम झाला. घंटेने हाक मारावी आणि पेटीने ओ द्यावी, असं काहीसं... मला नीट सांगता येत नाही. त्यानंतर ती पेटी दुसऱ्या कुठल्याच गाण्याला चालेना. भजनवाले चिडवत, "काका, हे पेटी आता ढोराच्याच कामाची." काका म्हणत, "तेवढ्या सुरात तुमी बी या कधी."

मागच्या रविवारी 'जोडकाम'ची खोली आवरायला आम्ही जमलो. संजयने पेटी पुसून ठेवली होती. तो मनापासून म्हणाला, "सूर नीट करून घेतो आणि तुमच्या शाळेला देतो, ताई. बाबांची आठवण राहील." माझ्या शाळेत पेटी नाही. मुलांना ती हवी आहे. पण सूर नीट केले की घंटेला ओ देणारी पेटी उरणार नव्हती.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. सोमाजी आले होते. आता बरेच थकलेत. पोत्यातून त्यांनी त्या पाचांतली एक घंटा काढली, खिडकीच्या गजाला बांधली आणि एकदाच हलवली. मग माझ्याकडे पाहत राहिले. मी पेटीपुढे बसले. डाव्या हाताने भाता ओढला, आणि इतक्या वर्षांत कधी लावलं नव्हतं ते बोट पट्टीवर ठेवलं. काळी तिसरी. काका तिथूनच सुरुवात करत.

घंटा कुठे थांबली आणि पेटी कुठे लागली ते कळलं नाही. संजय हातातलं फडकं तसंच धरून उभा होता. ते खाली ठेवून म्हणाला, "शाळेसाठी दुसरी पाहू, ताई."

सोमाजींनी पुन्हा घंटा हलवली, मी पुन्हा पट्टी दाबली.

"वळखते अजून," ते म्हणाले.