विनायकरावांचा कॅप्टन

लोणावळा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात मी नोकरीला लागलो, तेव्हा वाटलं होतं की इथं फक्त करंड्या आणि पोती येणार. पण चार माणसं रोज एकाच स्टोव्हवरचा चहा प्यायला लागली की किस्से आपोआप साठतात. त्यांना ना बिल्टी लागते, ना शिक्का. आमच्याकडच्या बहुतेक किश्श्यांचे धनी आमचे हेडक्लार्क विनायकराव. माणूस कडक, चष्मा जाड आणि नाद प्लॅस्टिकच्या अंतराळ-शिपायांचा.

माणूस चंद्रावर जाऊन आला त्या सुमाराची गोष्ट. कार्ल्याच्या डोंगराखाली सखूमावशीचं दुकान होतं. नारळ, कुंकू, बांगड्या आणि मुंबईहून पोत्यातून येणारी स्वस्त खेळणी. त्यातच हे शिपाई असायचे. बादल्या करून उरलेल्या प्लॅस्टिकचे असावेत, कारण रंग अगदी बादलीचाच. डोक्यावर गोल टोप, पाठीवर नळकांडी, हातात कसलीशी बंदूक.

विनायकराव पहिल्यांदा दुकानात गेले आणि म्हणाले, "ते अंतराळवीर दाखवा."

मावशीला काही कळेना. यांनी बोट दाखवलं तशी म्हणाली, "हे व्हय? मधवालं म्हना की. माश्या चावू नयेत म्हनून तोंड झाकलंय त्यांनी."

त्या दिवसापासून आमच्या ऑफिसातही ते मधवालेच झाले.

* * *

नाद संसर्गजन्य असतो. मला लागला, मग रुळांचे सांधे बदलणारे आमचे पॉइंट्समन किसनभाऊ, मूळचे जवळच्याच इंदुरी गावचे, त्यांनाही लागला. भाऊंनी आपला शिपाई हातबत्तीवर उभा केला होता, ड्यूटीवर सोबत म्हणून. बत्ती तापली आणि शिपायाचे पाय गुडघ्यापर्यंत वितळले.

विनायकरावांनी तो हातात घेतला. "किसन, अरे हे काय केलंस?"

"म्या काय न्हाई केलं, सायेब. लय दिस हुबा हुता, बसला जरा."

* * *

एकदा पुण्याहून मोठे साहेब तपासणीला आले. विनायकरावांचे शिपाई खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं उभे होते आणि ते लपवायला वेळच मिळाला नाही. साहेबांनी एक उचलला, उलटा केला, परत ठेवला. आम्ही मनातल्या मनात बदलीच्या गावांची नावं घेत होतो.

"याच्या हातात टॉर्च आहे की बंदूक?" साहेबांनी विचारलं.

"टॉर्च, सर," विनायकराव म्हणाले.

साहेब उरलेली तपासणी उरकून निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा शिपाई, म्हणजे खराखुरा खाकीतला, पुण्याहून आला. त्यानं खिशातून रुमालात बांधलेला मधवाला काढून टेबलावर ठेवला आणि निरोप सांगितला, "साहेबांकडं टॉर्चवाले दोन झालेत. गुडघ्यावर बसलेला असला तर द्या म्हणाले."

* * *

विनायकरावांच्या पत्नी माई या प्रकाराकडे कानाडोळा करायच्या. पण एका दिवाळीत शेजारच्या मुलांनी अंगणात किल्ला केला आणि मावळे कमी पडले. माईंनी सरळ कपाटातले मधवाले काढून दिले. विनायकराव घरी येऊन बघतात तो काय, बुरुजाबुरुजावर अंतराळवीर आणि पायथ्याशी उगवलेले अळीव.

"माझे शिपाई मातीत?" ते ओरडले.

"किल्ल्यावर शिपाई नाही ठेवायचे तर काय वाणी बसवायचे?" माईंनी विचारलं.

विनायकराव तणतणत किल्ल्याजवळ जाऊन उकिडवे बसले. आता हे सगळे उचलणार, असं मुलांना वाटलं. त्यांनी एकच उचलला आणि दुसरीकडे ठेवला. "मुख्य दरवाजावर टॉर्चवाला लागतो," ते म्हणाले. मग जेवायला हाका मारल्या तरी उठेनात.

* * *

आता कॅप्टनचं सांगायला हवं. हे शिपाई ज्या पाकिटांतून यायचे, त्यांवरच्या चित्रात सगळ्यांच्या पुढे कॅप्टन होता. डोक्यावर तार, उजवा हात वर. विनायकरावांकडे बाकी सगळे जमले होते, फक्त हा सापडत नव्हता. "रिटायर होण्याआधी पलटण पुरी झाली पाहिजे," असं ते चहाच्या प्रत्येक कपाला म्हणायचे. चेष्टा करता करता आम्हालाही त्याची काळजी लागली होती.

ऐन भातलावणीच्या दिवसांत सखूमावशीच्या पोत्यात तो निघाला. परतीच्या एसटीत विनायकरावांनी तो खिडकीशी उजेडाला धरला. तेवढ्यात खड्डा आला आणि कॅप्टन हातातून उडून भाताच्या खाचरात गेला.

"थांबवा! माझा कॅप्टन पडला!"

ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला. विनायकराव बुटांसकट चिखलात उतरले. लावणीच्या बाया हातातली रोपं टाकून धावल्या. कंडक्टरनं गाडीतली सगळी डोकी मोजली, परत मोजली आणि खाली ओरडला, "आवो, मानसं तर समदी हायेत की!"

कॅप्टन काही मिळाला नाही. विनायकरावांनी दोन दिवस चहा घेतला नाही.

* * *

वर्ष उलटलं. विनायकराव आणि मी पुन्हा मावशीकडे निघालो होतो. त्याच खाचराच्या बांधावर एक छोटा दगडी कोनाडा दिसला, म्हणून एसटीतून उतरलो. आत शेंदूर फासलेलं काहीतरी उभं होतं. डोक्यावर तार, उजवा हात वर.

शेताचे मालक, एक म्हातारे आबा, तिथं नारळ फोडत होते. "लावणीला चिखलातनं वर आला," ते म्हणाले. "त्या साली भात लय झालं. आशीर्वाद देतोय बगा कसा."

मी विनायकरावांना हळूच कोपर मारलं. "सांगा ना, आपला आहे म्हणून."

ते तोंड उघडणार तोच आबा म्हणाले, "हात जोडा. मागितल्यालं देतो त्यो."

विनायकरावांनी एकवार त्या शेंदराकडे पाहिलं, एकवार आबांकडे पाहिलं. मग चपला काढल्या, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "मला कॅप्टन मिळू दे."

"काय देनार ते बी बोला," आबा म्हणाले. "तसा नवस व्हत न्हाई."

"काय देऊ?" विनायकराव गोंधळले.

"एकलाच हाय बिचारा. त्याला जोड द्या."

"बरं, जोड देईन," विनायकराव भक्तिभावानं बोलून गेले.

पुढच्याच पोत्यात सखूमावशीकडे दुसरा कॅप्टन निघाला. त्या रात्री तो कपाटात पलटणीच्या पुढे उभा राहिला. विनायकरावांनी मला मुद्दाम घरी बोलावून दाखवला. पलटण पुरी दिसत होती आणि त्यांचे डोळे भरून आले होते. माईंनी चहा आणून ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "बोलला होतात ना?"

सकाळी आम्ही दोघं कार्ल्याच्या एसटीत बसलो. आबांनी स्वतःच्या हातानं नव्या कॅप्टनला शेंदूर फासला आणि जुन्याच्या शेजारी उभा केला. विनायकराव बराच वेळ डोळे मिटून, हात जोडून उभे होते.

परतताना मी घाबरत घाबरत विचारलं, "आता पलटणीचं काय?"

"मागितलाय पुन्हा," खिडकीची काच नीट लावून घेत विनायकराव म्हणाले. "या वेळी नुसता नारळ बोललोय."