बावीस घासलेली नाणी

"कडेने धरा, ताई."

ते पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा नमस्कार, ओळख वगैरे काही झालं नाही. हे एवढं वाक्य झालं. बिबवेवाडीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर माझं झेरॉक्सचं दुकान होतं आणि हे काका नुकतेच तिसऱ्या मजल्यावर राहायला आले होते. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली, पुडीतून चांदीचा रुपया काढला. मी घ्यायला तळहात पुढे केला तर त्यांनी पटकन हात मागे घेतला. नाणं अंगठा आणि तर्जनीत, कडेवर धरायचं. त्याच्या तोंडाला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागतं म्हणे.

"माझ्या बोटांना तेल कुठलं, टोनर आहे," मी म्हटलं.

"मग तर मुळीच नको," असं म्हणून त्यांनी रुपया स्वतःच काचेवर ठेवला. त्याआधी रुमालाने काच पुसून घेतली. मी ती सकाळीच पुसली होती, पण हे सांगायचा मोह आवरला.

ते पिंपरीकडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे सगळ्याच गोष्टींकडे ते जरा परत पाठवण्याच्या नजरेने बघायचे. मी दिलेला चहासुद्धा पेल्याच्या काठाला दोन बोटांनी धरून, तपासून प्यायचे. इमारतीत त्यांना कुणी फारसं बोलवायचं नाही. मला मात्र ते पहिल्या दिवसापासून आवडले. आपल्याहून खवचट माणूस भेटला की मला बरं वाटतं.

घरचे मांजरी गावचे शेतकरी. लहानपणी उसाला पाणी देताना त्यांना चिखलात एक तांब्याची शिवराई सापडली होती. वडिलांना दाखवली तर वडील म्हणाले, "ठिकरी हाय ती, टाक." त्यांनी टाकली नाही. तिथून हा नाद लागला. ती शिवराई विशेष होती, कारण तिच्यावरची अक्षरं एकूण एक उठलेली होती. एरवी जुन्या शिवराईवर एखाद-दुसरं अक्षर निसटलेलंच असतं, असं त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितलं असेल.

दर रविवारी सकाळी ते जुन्या बाजारात जायचे आणि परत येताना माझ्याकडे थांबायचे. नवीन नाण्याच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढायची, कापून वहीत चिकटवायची आणि खाली बारीक अक्षरात वजन, व्यास, कुठे मिळालं ते लिहायचं. सालाखाली हिरा असला तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असली तर हैदराबादचं, काहीच नसलं तर कलकत्त्याचं, हे मला त्यांनीच शिकवलं. तुम्हीही एकदा हातातल्या सुट्या पैशांकडे असं बघा, मग ती खोड जात नाही.

माझ्या दुकानात 'सुटे पैसे द्यावेत' अशी पाटी होती. सगळ्या बिबवेवाडीत ज्याच्या घरी सर्वांत जास्त सुटे, तो माणूस मला दोन प्रतींसाठी पन्नासाची नोट द्यायचा.

"काका, सुटे नाहीत?"

"आहेत. पण हे आठ आणे हैदराबादचे आहेत."

अशीच एकदा वही चाळताना मला दिसलं, की काही पानांवर नाण्यांच्या जागी नुसती काळी वर्तुळं आहेत. ना चेहरा, ना अक्षर. मला वाटलं माझ्या यंत्राचा दोष.

"यंत्र ठीक आहे," ते म्हणाले. "नाणं फार चकचकीत असलं की उजेड उडून जातो, काळं येतं. ही घासलेली आहेत."

"घासलेली? तुमच्याकडे?" बोट लावू न देणाऱ्या माणसाच्या वहीत घासलेली नाणी म्हणजे कमालच होती.

मग त्यांनी सांगितलं. ते इथे राहायला येण्याआधीची गोष्ट. दिवाळीत ते पहिल्या पाळीला गेले असताना काकूंनी लक्ष्मीपूजनासाठी कपाटातून एक रुपया काढला. चांदीची भांडी घासतात तसा रांगोळीने छान घासला आणि तबकात ठेवून हळदकुंकू वाहिलं. काका घरी आले. तो त्यांच्याकडचा सर्वांत दुर्मीळ सालाचा रुपया होता. जुन्या नाण्यावर वर्षानुवर्षांची काळसर साय धरलेली असते आणि जाणकार तिच्याकडेच बघतात. ती गेली की उरते नुसती चांदी. काकू दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "बघा हो, किती काळं पडलं होतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"छान निघालं, म्हटलं."

तेव्हापासून दर दिवाळीला ते स्वतःच एक साधा चांदीचा रुपया काकूंना काढून द्यायचे आणि काकू तो मन लावून घासायच्या.

मी म्हटलं, "अहो, एकदा सांगून टाकायचं ना. दरवर्षी एक कशाला वाया घालवता?"

"सांगितलं तर पहिल्या वर्षी काय झालं ते तिला कळेल," ते म्हणाले. "मग ती माझ्या नाण्यांना हातच लावणार नाही." त्यांनी वही मिटली आणि निघून गेले. त्या दिवशी पैसे द्यायचेही विसरले, पण मी मागितले नाहीत.

पुढे काकूंचे गुडघे गेले. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. पहिल्यांदा मंडई बंद झाली, मग देऊळ, मग जिनाच बंद झाला. दोन वर्षं त्या खाली उतरल्या नाहीत. संध्याकाळी गॅलरीत बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वरूनच हाका मारायच्या. डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलं. काकांना तुटपुंजी पेन्शन होती, आणि लेकीपुढे हात पसरायचा नव्हता. एका सकाळी ते दोन डबे घेऊन दुकानात आले. एक बिस्किटांचा, एक बुटांचा.

"वर बसून करता येत नाही. ती विचारते," ते म्हणाले. बिस्किटांचा डबा ठेवायच्या नाण्यांचा, बुटांचा खोका द्यायच्या नाण्यांचा.

आठवडाभर हे चाललं. सकाळी खोक्यात टाकलेलं नाणं दुपारी डब्यात जायचं. शिवराईची तर चार वेळा बदली झाली. "काका, एवढ्या बदल्या सरकारी नोकरीतही होत नाहीत," मी म्हटलं. त्यांना हसू आलं नाही. ते एकेक नाणं कडेवर धरून उजेडात बघत बसायचे आणि मला माझ्या थट्टेची लाज वाटायची.

शेवटी म्हणाले, "तुम्ही चला बरोबर. एकटा गेलो तर सगळी परत घेऊन येईन."

बुधवार पेठेतल्या एका बोळात त्यांचे ओळखीचे व्यापारी होते. तीन पिढ्या पुण्यात नाण्यांचाच धंदा. काका त्यांना चाचा म्हणायचे. चाचांनी भिंग लावून खोका तपासला आणि जो आकडा सांगितला तो रास्त होता, पण ऑपरेशनला पुरत नव्हता. मग त्यांनी डबा मागितला. वरच तो पहिल्या दिवाळीचा रुपया होता. चाचांनी साल बघितलं, आणि भिंग खालीच ठेवलं.

"हे कुणी घासलं हो? हे घासलेलं नसतं ना, तर या एकट्यात तुमचं काम झालं असतं."

"माझ्याच हातून झालं," काका म्हणाले. "नवीन होतो."

चाचा हळहळले. घासलेली सगळी बावीस नाणी चांदीच्या भावाने घेतो म्हणाले, म्हणजे रक्कम पुरी होईल. "नाहीतर ती शिवराई द्या. किती वर्षं मागतोय."

मला वाटलं, आता हे तासभर बसणार. पण त्यांनी शिवराई काढली, कडेने धरली आणि चाचांच्या तळहातावर ठेवली. "ही घ्या. ती विकायची नाहीत."

परतीच्या बसमध्ये ते बिस्किटांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. स्वारगेट आल्यावर म्हणाले, "वडील टाक म्हणाले होते. अखेर टाकली." मला रडू आलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

ऑपरेशन चांगलं झालं. चार महिन्यांनी काकू काठी टेकत एकेक पायरी उतरून माझ्या दुकानात आल्या आणि धापा टाकत खुर्चीत बसल्या. काका त्यांच्या मागे दोन पायऱ्या अंतर ठेवून उतरत होते. काकूंनी दुकान डोळे भरून बघितलं आणि म्हणाल्या, "काच पुसत नाही वाटतं?" हे घराणंच तसं.

पुढची सहा वर्षं काकू रोज खाली उतरल्या, मंडईत गेल्या, देवळात गेल्या. दिवाळीला काका आता त्या बावीस नाण्यांतलंच एखादं पुन्हा घासायला काढून द्यायचे. मग एका श्रावणात काका गेले. झोपेतच, कुणाला काही त्रास न देता.

त्या वर्षी दिवाळीला काकूंनी मला वर बोलावलं. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी त्या जमिनीवर पाटावर बसल्या होत्या, गुडघे मुडपून नाही, पाय लांब करून. समोर बिस्किटांचा डबा, वाटीत रांगोळी, आणि फडक्यावर ओळीने मांडलेली बावीस नाणी. "या वर्षी कुठलं द्यायचं ते सांगायला हे नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणून सगळीच घासली. त्यांना लख्ख आवडायची."

त्यांनी एक रुपया उचलून माझ्यापुढे धरला. मी साल बघितलं. पहिल्या दिवाळीचाच होता तो. मी सवयीने अंगठा आणि तर्जनीत, कडेवर धरला.

"अहो, मुठीत धरा की नीट," काकू म्हणाल्या. "नाण्याला काय होतंय?"

मी मूठ मिटली. रुपया त्यांच्या हाताने अजून कोमट होता. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून थांबल्या होत्या.

"छान निघालं," मी म्हटलं.