बस जाईपर्यंतचे अकरा सेकंद

वासंती दिघे यांनी पस्तीस वर्षांत दुसऱ्यांचे शंभरावर माहितीपट कापले, जोडले आणि मार्गी लावले. तरी निम्म्या नातेवाइकांना अजून वाटतं की त्या दिल्लीत टीव्हीवर बातम्या वाचतात. हा गैरसमज दूर करायचा नाद त्यांनी केव्हाच सोडला. संकलन म्हणजे काय हे समजावून सांगेपर्यंत चहा गार होतो, हा त्यांचा अनुभव. लग्न होऊन पुण्याहून आल्या, मयूर विहारला तिसऱ्या मजल्यावर संसार थाटला, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्या आणि जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग कॉम्प्युटरला देऊन पुन्हा कामाला लागल्या. उरलेल्या अर्ध्या भागावर त्यांचे यजमान भालचंद्र जेवतात.

हे भालचंद्रराव म्हणजे बाईंचे हक्काचे पहिले प्रेक्षक. रेल्वेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ. सिनेमातलं ओ की ठो कळत नाही, आणि बाईंना तेच हवं असतं. फिल्म चालू करून त्या स्क्रीनकडे बघतच नाहीत, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतात.

यंदाची फिल्म कृतिकाची होती. कृतिका दिल्लीतच वाढलेली, मुनिरक्याच्या भाड्याच्या खोलीत राहणारी, पहिलाच माहितीपट करणारी पोरगी. विषय होता ममता. मानेसरच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर तिची दोन बोटं गेली होती. कंपनीचं म्हणणं, मशीनची सुरक्षा-जाळी हिनेच काढली. ममताचं म्हणणं, जाळी आठवडाभर नव्हतीच. चौकशी चालू होती. तिच्या बाजूने बोलायला लाईनवरच्या दोघीच तयार होत्या, बाकीच्या गप्प. पुढच्या आठवड्यात त्यांच्याच वस्तीत ही फिल्म दाखवायची होती. म्हणजे ममता खरी की खोटी, हे तिच्या शेजारणी पडद्यावर बघून ठरवणार होत्या.

"काकू, माझी बाजू यात कुठेच नको," कृतिकाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "बिल्कुल ऑब्जेक्टिव्ह. मॅनेजरला चार मिनिटं, ममताला चार. माझा आवाजसुद्धा नको. प्रश्न स्क्रीनवर लिहून येऊ दे. आणि ममताचं मेन उत्तर आहे ना, ते अखंड. एकपण कट नाही."

बाईंनी हसून मान डोलावली. तराजूत मिनिटं घालून खरं-खोटं तोलता येत असतं तर त्यांची नोकरी वाण्यानेही केली असती. पण दिग्दर्शक ती, फिल्म तिची.

शनिवारी दुपारी वरण-भात खाता खाता भालचंद्रांनी फिल्म पाहिली. मॅनेजर घडाघडा बोलून गेला. मग स्क्रीनवर प्रश्न आला: जाळी कुणी काढली? ममताने तोंड उघडलं, मिटलं, नजर बाजूला वळवली. अकरा सेकंद ती गप्प होती. मग म्हणाली, "मैंने नहीं हटाई. वो तो थी ही नहीं."

"खोटं बोलतेय बाई," भालचंद्र म्हणाले आणि त्यांनी लोणचं वाढून घेतलं.

पहिल्या दिवसापासून वासंतीबाईंनाही तसंच वाटत होतं. वाटलं आणि त्या गप्प बसल्या, मुकाट्याने फिल्म जोडत राहिल्या. आता त्यांनी भालचंद्रांचं ताट उचललं, हेडफोन चढवले आणि मूळ चित्रीकरण काढलं. फिल्ममध्ये आवाज घेतला होता ममताच्या कॉलरला लावलेल्या माईकचा, तोही साफसूफ केलेला. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माईकचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. त्यांनी तो लावला.

ममताच्या खोलीच्या खिडकीखालून घरघरत कंपनीची बस चालली होती. आणि त्या घरघरीत दबक्या आवाजात कृतिका म्हणत होती, "एक मिनट, ममताजी. बस निकल जाने दीजिए."

ममता नजर चुकवत नव्हतीच. ती कृतिकाकडे बघत होती, बोलायची परवानगी मिळायची वाट पाहत. सांगितलं तसं बिचारी थांबली होती. बाईंना स्वतःची लाज वाटली. आवाज नीट यावा म्हणून माणसाला थांबवायचं, हा तर या धंद्यातला रोजचा रिवाज. आजवर अशा किती जणांची थांबलेली तोंडं त्यांनी तशीच पुढे पाठवली होती, देव जाणे.

रविवारी कृतिका आली. ममताची साप्ताहिक सुट्टी होती आणि फिल्म आधी तिला दाखवायची, असा शब्द कृतिकाने दिला होता. ममता यायला अजून अर्धा तास होता. सोमवारी फिल्म वस्तीत दाखवायला पाठवायची होती.

"पण मी तर एक फ्रेमही कापली नाही, यार!" आवाज ऐकून कृतिका रडकुंडीला आली. "मग खोटं कसं?"

"कापलं नाहीस, पण थांबवलंस ना? आणि थांबवणारीला तेवढी बाहेर ठेवलीस."

"अच्छा, मग ते अकरा सेकंद उडवू. ममताच्या हाताचा शॉट टाका मध्ये."

"त्या हाताचा? तुटकी बोटं दाखवली की लोक रडतील आणि तिचं म्हणणं ऐकायचं विसरतील. नाही. बस राहू दे, तुझा आवाज राहू दे. घडलं ते असं घडलं."

"मला फिल्म शिकवणारे सर सगळ्यांना सांगत फिरतायत, हिच्या फिल्ममध्ये दिग्दर्शक कुठे दिसतच नाही म्हणून! माझाच आवाज आला तर ऑब्जेक्टिव्ह काय राहिलं, काकू?"

"तू तिथे होतीस, एवढं खरं राहिलं. मीही होते. कुठून कुठपर्यंत ठेवायचं ते मीच ठरवलं ना? पस्तीस वर्षांत कुणाचीच बाजू नसलेली एक फिल्म माझ्या हाताखालून गेलेली नाही. पण खोटी न होऊ देणं आपल्या हातात असतं, आणि ते मी करणार."

ममता आली. शेअर ऑटो, मेट्रो करत दमून आलेली. भालचंद्रांनी स्वतः उठून पाणी दिलं. आधी बाईंनी बसच्या आवाजासकट जोडलेलं दाखवलं. ममता खुदकन हसली. "हाँ, वो बस! रोज़ इसी टाइम निकलती है."

मग म्हणाली, "पहले जो बनाया था, वो भी दिखाइए."

कृतिकाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी जुनं लावलं. प्रश्न आला. पडद्यावरच्या ममताने नजर वळवली आणि ती गप्प झाली. इकडची ममता बोटं गेलेला हात पदराआड लपवायचं विसरून बघत राहिली.

"इसे देखकर तो," ती हळूच म्हणाली, "मैं भी ना मानूँ."

भालचंद्र मान खाली घालून उठले आणि चहा टाकायला आत गेले. कृतिका खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी बसली.

"काकू, माझा आवाज ठेवा," ती म्हणाली. "आणि जरा मोठा करा. मागच्या रांगेतल्यांनाही ऐकू जायला हवा."