खिरापत ओळखा

मैसूरच्या हेब्बाळ भागातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मी दर शनिवारी जाते. माझं काम विशेष शिक्षिकेचं. स्कूटरवरून शाळा-शाळा फिरायचं आणि ज्या मुलाला ऐकायला, बोलायला, चालायला किंवा अक्षर लावायला अडतं, त्याच्याजवळ बसायचं. चित्रांची कार्डं, आरसा, कापडी बाहुल्या असा माझा सगळा संसार स्कूटरच्या डिकीत असतो.

एका जूनमध्ये तिथे दुसरीच्या वर्गात कराडकडची मुलगी आली. वडील जवळच्या कारखान्यात पाळीवर, आई घरी. सप्टेंबर आला तरी मुलीने शाळेत एक शब्द उच्चारला नव्हता. कान तपासून झाले होते, ठणठणीत होते. घरी म्हणे तिच्या तोंडाला खळ नसे, पण शाळेच्या फाटकातून आत शिरली की संपलं. मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, “नीवु मराठीयवरु अल्वा?” तुम्ही मराठी ना, मग करा तिला बोलतं, असा त्याचा सरळ अर्थ.

मला कोण अभिमान वाटला. आमचे पूर्वज मैसूरला कापड रंगवायला आणि छापायला आले आणि इथलेच झाले, पण घरात मराठी सोडली नाही. मी तोऱ्यात मुलीसमोर बसले आणि म्हटलं, “बा गं पुट्टी, इकडे बस. तिंडी झाली अल्वा तुझी?”

मुलगी माझ्याकडे टकामका बघत राहिली. दारातल्या तिच्या आईने पदर तोंडाला लावला. “मॅडम, न्याहारी झाली का विचारताय व्हय? ही कुठली मराठी म्हणायची?”

“मैसूरची,” मी म्हटलं, आणि मलाही हसू आलं. मुलगी मात्र ढिम्म.

पुढचे शनिवार तसेच गेले. बाहुल्या बोलल्या, मी बोलले, ती बोलली नाही. बोट ठेवून दाखवायची आणि अचूक दाखवायची. हुशार पोर. मला कधी तिची दया येई, कधी चक्क राग येई आणि मग त्या रागाचाच राग येई.

एकदा शाळा सुटल्यावर आई रडवेली होऊन थांबली. मुलीच्या वडिलांनी ठरवलं होतं, दसऱ्याच्या सुट्टीआधी हिने तोंड उघडलं नाही तर हिचा दाखला काढायचा आणि हिला गावी आजीकडे ठेवायचं. “गावात तरी बोलंल, म्हणत्यात. पण मी हितं लेकीबिगर कशी राहू?” तिने विचारलं. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि उगीच विचारलं, गावी मुलीला सगळ्यात काय आवडायचं?

“हादगा,” ती लगेच म्हणाली. पाटावर हत्ती काढायचा, पोरींनी त्याच्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत खायची. हत्ती! मैसूरच्या पोरांना हत्तीचं काय कौतुक सांगायचं? दसऱ्याच्या सरावाला हत्ती रस्त्यावरून निघाले की आमच्याकडे अर्धा वर्ग रिकामा होतो. आई म्हणाली, हादग्याला अजून वेळ आहे. मी म्हटलं, तोवर सुट्टी लागेल, मग शाळा कुठून आणू?

पुढच्या शनिवारी मी वर्गात जमिनीवर खडूने हत्ती काढला. पोरांना तो पसंत पडेना. अंबारी कुठे, मिस? मग त्यांनीच अंबारी काढली, झूल काढली, माहूतही बसवला. फेर झाला, त्यांना येत होती ती कन्नड गाणी झाली. मुलगी फेरात होती, पण ओठ मिटलेले. गाणी संपताच मी डबा उघडला आणि पोरांच्या हातावर खोबऱ्याच्या वड्या ठेवू लागले. आमच्याकडे दसऱ्याला पोरं घरोघरी मांडलेल्या बाहुल्या बघायला जातात आणि आपण आल्या आल्या त्यांच्या हातावर खाऊ ठेवतो. मला तेवढंच ठाऊक.

“अशी नसती खिरापत!”

कोण ओरडलं, हे मला क्षणभर कळलंच नाही. ती माझ्यासमोर उभी होती, लालबुंद. “आदी वळखायची असती! झाका त्ये! झाका!”

मी मुकाट्याने झाकण लावलं. आयुष्यात इतक्या आनंदाने मी कुणाची बोलणी खाल्लेली नाहीत.

“मग पुढच्या वेळी तूच आण,” मी म्हटलं. “पोरांनी ओळखलं नाही तर ‘अल्ल’ म्हणायचं, ओळखलं तर ‘हौदु’.” ती पुन्हा गप्प झाली होती, पण तिने मान डोलावली.

सुट्टीआधीचा शेवटचा शनिवार. मुलगी वर्गाच्या मधोमध डबा पोटाशी धरून बसली होती. पोरं ओरडत होती. चक्कुली? ती मान हलवू लागली. मी म्हटलं, ऐकू येत नाही. “अल्ल,” ती पुटपुटली. मैसूरपाक? “अल्ल.” कोडबळे? “अल्ल!” आता आवाज व्हरांड्यापर्यंत जात होता आणि व्हरांड्यात तिचे वडील उभे होते. रात्रपाळी करून थेट दाखला मागायला आले होते. घरी काय शिजलं, त्यांना काय माहीत! ते दारात आले, चपला काढल्या. मग घसा खाकरून म्हणाले, “शेंगदाण्याचं लाडू?”

लेकीने बापाकडे पाहिलं. “अल्ल!”

“करंज्या?”

“अल्ल, अल्ल!” सगळा वर्ग तिच्याबरोबर ओरडला.

तेवढ्यात मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावून घेतलं. इकडे पोरांनी हात टेकले. डबा उघडला तर गुळाच्या कापण्या होत्या, आणि बघता बघता फस्त झाल्या. मी पोरांना तिथेच सोडून कार्यालयाच्या दाराशी गेले.

“टी.सी. बेकु अंद्रल्ला?” बाई विचारत होत्या. दाखला हवा म्हणाला होतात ना?

“बेड, मॅडम,” ते म्हणाले. नको. एवढं कन्नड त्यांना येत होतं.

बाहेर येताना त्यांचे डोळे भरलेले होते. मी तिकडे दुर्लक्ष करावं म्हणून की काय, त्यांनी मलाच विचारलं, “मॅडम, डब्यात होतं काय, तेवढं सांगा की.”

“लेकीला विचारा,” मी म्हटलं. “ती सांगेल.”